गाडीला तुमच्या पायाची सवय लागते का? ॲक्सिलरेटर पेडलच्या मागे नेमकं काय चालतं?

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एक शब्द हमखास असतो, 'सिंगल हँड यूज'. म्हणजे गाडी एकाच माणसाने वापरलीये, दहा जणांच्या हातातून गेलेली नाही. यामागे आपल्याकडचा एक जुना समज आहे, की गाडीला चालवणाऱ्याची सवय लागते. म्हणून ती दुसऱ्याला द्यायची नाही. भावाने लग्नासाठी दोन दिवस नेली, तर परत आल्यावर 'काहीतरी बिघडवून ठेवलंय, आधीसारखी पळत नाही' असं म्हणायचंच.

या समजाला आता रील्सनी नवीन रूप दिलंय. 'तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर तुमची ड्रायव्हिंग स्टाइल शिकतो.' 'बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, मेमरी उडेल आणि पिकअप परत येईल.' 'ही छोटी डबी पेडलला लावा, गाडी उडायला लागेल.' खाली कमेंटमध्ये लोक किंमत विचारतायत.

यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे आणि काही फक्त विकण्यासाठी आहे. ते वेगळं करायचं तर तुमचा उजवा पाय नेमका कशावर पडतो, ते आधी बघावं लागेल.

आधी तार होती

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्या ॲक्सिलरेटरचा मामला अगदी सरळ होता. पेडलला एक लोखंडी तार बांधलेली. पेडल दाबलं की तार ओढली जायची आणि कार्ब्युरेटरमधली गोल झडप उघडायची. जास्त हवा आत गेली की तिच्याबरोबर जास्त पेट्रोल ओढलं जायचं आणि गाडी पळायची. पाय उचलला की स्प्रिंग झडप बंद करायची. मध्ये विचार करणारं कुणीच नाही. पायाने सांगायचं आणि झडपेने ऐकायचं.

त्या काळात 'गाडीला सवय लागते' यात तथ्य होतं. तार वापराने सैल व्हायची, गंजायची, अडकायची. कुणी क्लचवर पाय ठेवून चालवणारा असेल तर क्लच प्लेट लवकर घासायची. त्यामुळे गाडी खरोखर एका माणसाच्या पद्धतीने झिजायची आणि दुसऱ्याला ती वेगळी लागायची. आपण ज्याला सवय म्हणत होतो, ती झीज होती.

ही तार काढून टाकायची सुरुवात महागड्या गाड्यांपासून झाली. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आणलेल्या १२ सिलिंडरच्या ७५० मॉडेलमध्ये पेडल आणि झडप यांच्यात तार नव्हती, वीज होती. १९९७ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्येही हाच प्रकार आला. आज शोरूममधल्या नव्या कारमध्ये ॲक्सिलरेटरची तार सापडणं जवळपास अशक्य आहे. बाइकवाल्यांनाही हे नवीन नाही. २०१७ ची केटीएम ३९० ड्यूक, २०२० ची अपाचे आरआर ३१०, २०२३ ची नवी हिमालयन ४५०, सगळ्या 'राइड बाय वायर' आहेत. नावात वायर आहे, पण ती ओढायची तार नाही, सिग्नल नेणारी वायर आहे.

पेडल स्वतः काहीच शिकत नाही

आजचं ॲक्सिलरेटर पेडल काढून हातात घेतलं तर थोडी निराशा होईल. प्लॅस्टिकचा दांडा, परत ढकलणारी स्प्रिंग, एक चुंबक आणि त्या चुंबकाची हालचाल ओळखणारा सेन्सर, एवढंच त्यात असतं. पेडलला मेंदू नसतो आणि मेमरीही नसते.

गंमत सेन्सरमध्ये आहे. तो एक नसतो, दोन असतात. दोघंही एकच गोष्ट मोजतात, पेडल किती दाबलंय. पण दोघांची भाषा मुद्दाम वेगळी ठेवतात. बऱ्याच गाड्यांत एका सेन्सरचा व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोबर निम्मा असतो. पहिला एक व्होल्ट दाखवत असेल तर दुसऱ्याने अर्धा दाखवायचा, पहिला चार तर दुसरा दोन. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सतत दोघांची उत्तरं ताडून बघतो. दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोलीत बसवून तोच प्रश्न विचारल्यासारखं. साक्ष जुळली नाही की ईसीयू दोघांवरही पूर्ण विश्वास ठेवत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी 'लिंप मोड'मध्ये जाते. म्हणजे गॅरेजपर्यंत रडतखडत पोहोचेल एवढीच ताकद मिळते.

हायवेवर गाडी अचानक 'मेल्यासारखी' झाली आणि पेडल दाबूनही पळेना, अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हे असू शकतं. वैताग येतो, पण त्यामागचा हिशोब बरोबर आहे. पाय काय म्हणतोय याची खात्री नसेल तर जोरात पळण्यापेक्षा हळू जाणं बरं.

पाय मागतो, कॉम्प्युटर ठरवतो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. तारेच्या काळात पेडल हा हुकूम होता. आता तो अर्ज आहे.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा ईसीयू त्याचा अर्थ 'झडप इतकी उघड' असा लावत नाही. 'चालकाला इतकी ओढ हवी आहे' असा लावतो. ओढ म्हणजे इंजिनियर लोकांच्या भाषेत टॉर्क, चाकं फिरवणारा जोर. नव्वदच्या दशकात बॉशच्या इंजिन कंट्रोलमध्ये ही पद्धत रुळली आणि तिथे पेडलच्या सिग्नलला चक्क 'चालकाची इच्छा' असं नाव आहे.

पण ईसीयूच्या टेबलावर हा एकच अर्ज नसतो. एसीचा कॉम्प्रेसर ओढ मागत असतो. गिअरबॉक्स म्हणत असतो, मी गिअर बदलतोय, क्षणभर जोर कमी कर. पावसात चाक घसरतंय म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल सांगत असतो, चालक काहीही म्हणो, आत्ता जोर देऊ नकोस. गाडी नुकतीच सुरू झाली असेल तर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायचा असतो. या सगळ्यांचं ऐकून ईसीयू आकडा काढतो आणि झडपेवरची छोटी मोटर तेवढी फिरवतो. कधी तुम्ही मागितलं त्यापेक्षा कमी, कधी जरा जास्त.

शिवाय एक गाळणी असते. तुम्ही पेडलवर एकदम पाय आपटला तरी ईसीयू जोर एका झटक्यात सोडत नाही, काही क्षणांत चढवत नेतो. नाहीतर गिअर आणि ॲक्सलमधली मोकळी जागा 'खट्' करून भरली जाते आणि प्रवाशांची मान हलते. आजच्या गाड्यांबद्दल 'पेडल दाबल्यावर जरा उशिरा ऐकते' अशी जी तक्रार असते, तिचा एक भाग ही गाळणी आहे. दुसरा भाग छोट्या टर्बो इंजिनांचा. टर्बो फिरायला लागेपर्यंत वेळ जातोच, आणि त्याला पेडल जबाबदार नाही.

मग इको आणि स्पोर्ट मोड म्हणजे काय?

पेडल किती दाबलं तर किती ओढ द्यायची, याचा एक तक्ता ईसीयूत भरलेला असतो. त्याला पेडल मॅप म्हणतात. हा तक्ता सरळ रेषेत असलाच पाहिजे असं नाही.

समजा तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं. इको मोडचा तक्ता म्हणेल, १५ टक्के ओढ द्या. स्पोर्ट मोडचा तक्ता म्हणेल, ५० टक्के द्या. पाय तोच, जागा तीच, पण गाडी एकदम जिवंत वाटते. आता पेडल पूर्ण दाबा. दोन्ही मोडमध्ये उत्तर शंभरच. म्हणजे बहुतेक पेट्रोल-डिझेल कारमध्ये स्पोर्ट मोडने ताकद वाढत नाही, ती लवकर हातात येते. याला अपवाद आहेत. अपाचे आरआर ३१० मध्ये रेन आणि अर्बन मोड लावले की इंजिनाची कमाल ताकदच कमी होते. काही इलेक्ट्रिक गाड्यांतही मोडनुसार कमाल ताकद बदलते.

'शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला गाडी भन्नाट वाटली होती' याचं रहस्यही बरेचदा इथेच असतं. पेडलच्या पहिल्या दोन बोटांच्या प्रवासात जास्त ओढ भरून ठेवली की दहा मिनिटांच्या चकरेत कुठलीही गाडी दमदार वाटते.

खरं शिकणं कुठे होतं?

गाडी तुमची पद्धत ओळखते, हे खोटं नाही. पण ते काम मुख्यतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर करतो आणि पेडल त्याला फक्त बातमी पुरवतं.

ही कल्पना जुनी आहे. पोर्शेने १९९० च्या सुमारास ९११ मध्ये टिपट्रॉनिक गिअरबॉक्स दिला, त्यात गिअर कधी बदलायचा याचे पाच वेगवेगळे तक्ते होते. सगळ्यात शांत ते सगळ्यात आक्रमक. चालक कसा चालवतोय हे बघून गिअरबॉक्स त्यातला एक निवडायचा. मित्सुबिशीने १९९२ मध्ये इन्व्हेक्स नावाची प्रणाली आणली आणि तिच्या पुढच्या आवृत्तीत चालकाच्या सवयी शिकण्याची सोय जोडली.

गिअरबॉक्स बघतो तरी काय? पेडल किती दाबलं यापेक्षा ते किती वेगाने दाबलं, याला जास्त किंमत असते. सिग्नल सुटल्यावर हळूहळू पाय टेकवणारा आणि धाडकन दाबणारा, दोघंही शेवटी पेडलच्या एकाच जागी पोहोचतील. पण दुसऱ्याला घाई आहे हे गिअरबॉक्सला त्या पहिल्या क्षणातच कळतं. मग तो वरचा गिअर टाकायला उशीर करतो.

पाय कसा उचलला, यावरही लक्ष असतं. वळण दिसलं म्हणून तुम्ही पाय झटकन उचलला, तर अनेक गाड्या वरचा गिअर टाकत नाहीत. त्यांचा अंदाज असतो, की हा आता ब्रेक मारेल, वळेल आणि लगेच परत ओढ मागेल. पाय सावकाश उचलला तर अर्थ वेगळा. याला आरामात जायचंय, टाका वरचा गिअर. त्यात ब्रेक किती वेळा आणि किती जोरात दाबला, वळणावर गाडी किती बाजूला खेचली गेली, चढ आहे की उतार, हेही मिसळतं. खंबाटकी चढताना पेडल बरंच दाबलेलं असूनही वेग वाढत नाही, यावरून गाडीला चढ कळतो. उतारावर पाय उचललेला असूनही वेग वाढतोय, यावरून घाट उतरतोय हे कळतं आणि ती खालचा गिअर धरून ठेवते.

या सगळ्याची मिळून एक प्रकारची गुणसंख्या तयार होते. तुम्ही चार-पाच वेळा जोरात ओव्हरटेक केलं की ती चढते, शांतपणे चालवत राहिलात की उतरते. यात कळीची गोष्ट म्हणजे वेळ. हे शिकणं साधारणपणे काही मिनिटांचं असतं, महिन्यांचं नाही. अनेक गाड्यांत गाडी बंद करून परत चालू केली की चालकाची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भावाने दोन दिवस दामटून चालवली म्हणून ती पुढचे सहा महिने दामटूनच चालेल, असं होत नाही. तुम्ही घरून ऑफिसला पोहोचेपर्यंत ती भावाला विसरलेली असते.

महिनोनमहिने लक्षात राहतं ते वेगळंच काहीतरी. एएमटी आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स आपला क्लच नेमका कुठे पकडतो ते शिकून ठेवतात. क्लच घासत जातो तशी ही नोंद बदलते. इंजिनाचा ईसीयू झडपेवर साचलेली काजळी धरून आयडलिंगला किती हवा लागते, ते नोंदवतो. पेडल सोडलेल्या स्थितीत सेन्सर किती व्होल्ट दाखवतो, याची शून्याची खूणही अधूनमधून जुळवून घेतो. पण या तिन्ही नोंदी यंत्राच्या झिजेच्या आहेत, चालकाच्या स्वभावाच्या नाहीत. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने 'सिंगल हँड'पेक्षा क्लच तपासावा तो यासाठी. जुन्या मालकाची स्टाइल तुमच्याकडे येत नाही, त्याने घासलेली प्लेट येते.

बॅटरीची वायर काढल्यावर काय होतं?

मेमरीतल्या काही नोंदी उडतात, हे बऱ्याच गाड्यांत खरं आहे. पण उडतात त्या वर सांगितलेल्या, म्हणजे आयडलिंगच्या आणि पेट्रोल-हवेच्या प्रमाणाच्या. त्यामुळे वायर परत लावल्यावर गाडी थोडा वेळ वेगळी वागते. कधी आयडलिंगला थरथरते, कधी आरपीएम वरखाली होतो, कधी गिअर झटक्याने पडतो. हे वेगळं वागणं काहींना 'पिकअप आला' असं वाटतं. मग काही दिवसांत गाडी त्याच नोंदी पुन्हा करते, कारण काजळी आणि झीज तिथेच असते.

एक तोटा मात्र नक्की होऊ शकतो. मेमरीत साठलेला एखाद्या बिघाडाचा कोडही वायर काढल्यावर पुसला जाऊ शकतो. मेकॅनिकने स्कॅनर लावला की त्याला ज्या खुणेवरून दोष शोधायचा, तीच गेलेली असते.

आणि ती छोटी डबी?

थ्रॉटल कंट्रोलर, पेडल बॉक्स अशा नावांनी ही डबी विकली जाते. किंमत काही हजार रुपयांपासून पुढे. बसवणं सोपं, पेडलचा प्लग काढायचा, मध्ये डबी लावायची, प्लग परत जोडायचा. काहींवर 'तुमची स्टाइल ओळखून जुळवून घेते' असंही लिहिलेलं असतं.

ती करते काय, तर खोटं बोलते. तुम्ही ३० टक्के दाबलं की ती ईसीयूला सांगते ५० टक्के दाबलंय. दोन्ही सेन्सरच्या बाबतीत ती हे खोटं नीट जुळवून सांगते, म्हणून ईसीयूला संशय येत नाही. स्पोर्ट मोडचा पेडल मॅप जे करतो तेच ही बाहेरून करते. इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही, कारण शंभराच्या पुढे सांगण्यासारखं काही नसतंच.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पेडलचा खालचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा होतो आणि वरच्या थोड्याशा प्रवासात सगळी ओढ कोंबली जाते. मोकळ्या हायवेवर मजा येते. पण हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, जिथे इंच इंच पुढे सरकायचं असतं, तिथे गाडी झटके मारते. आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी एक गोष्ट होते, जी जाहिरातीत नसते. गिअरबॉक्स ज्या पेडलवरून तुमचा स्वभाव ओळखत होता, तिथे आता डबी बसलीये. तुम्ही शांत चालवत असलात तरी त्याला सारखी बातमी येते की चालकाला घाई आहे. तो गिअर ताणून धरतो आणि पेट्रोल जास्त जातं. पेडलची वायरिंग मध्येच तोडून बाहेरचं उपकरण जोडल्यामुळे त्या भागातल्या बिघाडाचा वॉरंटी क्लेम नाकारला जाऊ शकतो, तो वेगळाच.

फुकटचा पर्याय आहे. गाडीत स्पोर्ट मोड असेल तर तो लावून बघावा. नसेल तर पेडल आणखी थोडं दाबावं. डबी तेच करते.

पायाला उलट ढकलणारं पेडल

पेडलच बदलतं, असं खऱ्या अर्थाने म्हणता येईल असा एक प्रकार आहे. निसानने २००८ मध्ये 'इको पेडल' जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी जपानमधल्या गाडीत आणलं. चालक गरजेपेक्षा जास्त दाबतोय असं वाटलं की पेडलमधली मोटर पायाला उलट ढकलते. तरी तुम्ही जोर लावून दाबू शकता, अडवत नाही, फक्त जाणीव करून देते. यामुळे ५ ते १० टक्के इंधन वाचू शकतं, असा कंपनीचा दावा होता. बॉशनेही २०१५ मध्ये असं पेडल दाखवलं, दावा ७ टक्क्यांपर्यंतचा. मर्सिडीझच्या काही हायब्रिड गाड्यांत आता इलेक्ट्रिकवरून इंजिन सुरू होणार आहे, हे सांगायला अशा पेडलचा वापर झाला.

कल्पना चांगली होती, पण सर्वसामान्य गाड्यांत ती रुजली नाही. पैसे मोजून घेतलेल्या गाडीने पायाखालून टोकावं, हे किती जणांना आवडेल हाही प्रश्नच आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांत तर उलटा मामला दिसतो. तिथे झडप नाही, पेडल थेट मोटरची ओढ मागतं. पाय उचलला की तीच मोटर जनरेटर होऊन गाडी अडवते आणि बॅटरी भरते. २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या निसान लीफमधल्या 'ई-पेडल'वर गाडी एकाच पेडलने पूर्ण थांबवता येते. आपल्याकडे नेक्सॉन ईव्हीत ही अडवणूक किती हवी ते पातळ्यांत निवडता येतं. सुरुवातीचे काही दिवस मागे बसलेल्यांना मळमळतं, कारण जुन्या सवयीने चालक पाय एकदम उचलतो. मग तो हळूहळू पाय सोडायला शिकतो. म्हणजे इथे सवय गाडीला लागत नाही, चालकाला लागते.

पेडलवरचा वाद कोर्टात गेला तेव्हा

पायाचा हुकूम अर्ज झाला, की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. गाडी न मागता पळाली तर चूक कुणाची?

अमेरिकेत हा प्रश्न २००९ मध्ये पेटला. ऑगस्ट महिन्यात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी वेग न आवरता आल्याने धडकली आणि आतल्या चौघांचा मृत्यू झाला. धडकेच्या आधी त्यांनी मदतीसाठी फोनही केला होता. टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक पेडलवर संशय इतका वाढला की अमेरिकी सरकारने थेट नासाच्या इंजिनियर लोकांना तपासाला बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. गाडी सुसाट सुटेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नव्हता. सापडली ती दोन साधी कारणं, पेडल दाबलं गेल्यावर चिकटून राहणं आणि पायपुसणं पेडलमध्ये अडकणं. सॅन डिएगोच्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं मॅट टाकलेलं होतं.

प्रकरण तिथे थांबलं नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने एका कॅमरी गाडीच्या खटल्यात टोयोटाच्या विरोधात निकाल दिला, तिथे तज्ज्ञांनी सॉफ्टवेअरच्या दर्जावर बोट ठेवलं होतं. २०१४ मध्ये सुरक्षेबद्दलची माहिती लोकांपासून दडवल्याच्या आरोपातून टोयोटाने १२० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, आपल्याकडे मूळ मॅटवर 'सेव्हन डी' मॅट आणि त्यावर पेपर टाकायची पद्धत आहे. चालकाच्या बाजूचं मॅट सरकून पेडलखाली किंवा पेडलवर येत नाही ना, हे आज खाली वाकून बघण्यासारखं आहे. दुसरी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर ब्रेकचंच ऐकायचं, ही सोय आता बऱ्याच गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तरीही पेडल अडकलंच तर ब्रेक पूर्ण ताकदीने आणि न सोडता दाबायचा, गाडी न्यूट्रल करायची, रस्त्याच्या कडेला घ्यायची आणि थांबल्यावरच बंद करायची. चालत्या गाडीची चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

दुसरं प्रकरण जपानचं. १९ एप्रिल २०१९ ला टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची प्रियस गाडी सिग्नल तोडून चौकात घुसली. एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. चालकाचं म्हणणं होतं, मी ब्रेकच दाबत होतो, गाडीत बिघाड होता. पण गाडीतल्या नोंदींमध्ये ॲक्सिलरेटर दाबलेला होता, ब्रेकचा पत्ता नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने पेडलची गल्लत झाल्याचं मान्य करत पाच वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या पेडलने चालकाची इच्छा मोजायची, त्यानेच तिथे साक्ष दिली.

ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबण्याचे असे अपघात जपानमध्ये, विशेषतः वयस्कर चालकांच्या हातून, सतत होतात. म्हणून तिथल्या सरकारने नव्या ऑटोमॅटिक कारना सप्टेंबर २०२८ पासून टप्प्याटप्प्याने एक यंत्रणा सक्तीची केली आहे. उभ्या गाडीच्या समोर एक-दीड मीटरवर भिंत किंवा दुसरी गाडी असेल आणि चालकाने पेडल तळापर्यंत दाबलं, तर सेन्सरला समोरचा अडथळा दिसतो, पायाचा अर्ज बाजूला ठेवला जातो आणि इंजिनाला जोर मिळत नाही. अशा यंत्रणेसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियमही तयार झाला असून तो २०२५ मध्ये लागू झाला आहे.